भोंगा नसलेले घर

घरी बसून काम करणे ही अगदी नवी रीत आहे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि कचेऱ्यांचे काम घराघरांत शिरले, हे खरे. परंतु इतिहासाची पाने मागे उलटली, तर काम घराबाहेर गेले हीच अलीकडची गोष्ट आहे, असे आढळून येते.

सोलापूरचे उदाहरण घेऊ. तेलंगणातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचे घर हाच त्यांचा कारखाना. घरधनी मागावर बसे, बायको कांड्या भरी, मुले हाताखाली राबत. ताण्याला खळ लावायची, तर तो गल्लीत पसरावा लागे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हात लागत. काम घरातले, पण एकट्याचे नव्हे. म्हणून हे विणकर सुखी होते, असे आमचे म्हणणे नाही. सूत सावकाराचे, मजुरी नगावर. पोटासाठी दिव्याच्या उजेडातही धोटा पळत राही. घरच्या कामाला संगत होती. शेवट मात्र नव्हता.

१८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि काम व घर यांची फारकत होऊ लागली. आरंभी तेथेही शेवट नव्हताच. आठवड्याची सुट्टी ठाऊक नव्हती. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या, आणि रविवारची सुट्टी ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. सकाळी माणसाला ओढून नेणारा भोंगा संध्याकाळी त्याला मोकळेही करू लागला. हे मोकळेपण कोणी दान दिलेले नाही. ते झगडून मिळवलेले आहे.

२०२० मध्ये काम घरी परतले, ते हा भोंगा गिरणीच्या दारातच ठेवून! विणकराची गल्लीही त्याच्याबरोबर आली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संगणक मांडून बसलेल्या माणसाला रात्री जेवताना साहेबांचा निरोप येतो. आणि दिवसभरात चार शब्द बोलायला समोर कोणी नसते. महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. त्याचा सारा दोष घरच्या कामावर लादणे अन्यायाचे होईल. मृत्यू, आजार आणि बेकारी ही दुःखे त्यात होतीच. शिवाय लोकलची दगदग वाचली, आजारी आईजवळ बसता आले, हे लाभही नाकारता येत नाहीत. पण एकटेपण आणि अखंड काम यांनी मन पोखरते, याबद्दल शंका नको.

मग उपाय काय? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर निरोपांपासून दूर राहण्याचा हक्क कायद्याने मानला गेला. भोंग्याचाच हा नवा अवतार! संगतीचा धडा तर आपल्या गिरगावातच आहे. १९५९ मध्ये सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातूनच लिज्जत उभे राहिले. पुढे पापड घरोघर लाटले जाऊ लागले. तरी पीठ न्यायला आणि पापड द्यायला भगिनी केंद्रावर येतात, एकमेकींना भेटतात.

तेव्हा घर वाईट की कचेरी वाईट, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. घरी काम करणाऱ्या आपल्या मुलाला, सुनेला दोनच प्रश्न विचारावेत: आज काम किती वाजता संपले? आणि आज तू कोणाशी बोललास, बोललीस? उत्तर देताना ती घुटमळली, तर लोखंड्यांचा रविवार आपल्या घरात अजून यायचा आहे, असे समजावे.