घरातील नोंदवही आणि बालभाषेचे शास्त्र : पालकांनी ठेवलेल्या भाषाविषयक दैनंदिनींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मूल बोलू लागते ही प्रत्येक घरातील परिचित घटना आहे. मात्र या घटनेची दिनांकवार नोंद करणे, तिचा क्रम लावणे आणि त्यातून मानवी भाषेच्या स्वरूपाविषयी अनुमान काढणे ही तुलनेने अलीकडची, म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षांची परंपरा होय. आज बालभाषाविज्ञान ही भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरील एक प्रस्थापित ज्ञानशाखा मानली जाते. तिचा आरंभ मात्र प्रयोगशाळेत झाला नाही. तो पालकांनी आपल्याच मुलाविषयी लिहिलेल्या नोंदवहीत झाला.

पालकाच्या या नोंदींकडे पुढील काळात संशयाने पाहिले गेले. आई-वडील आपल्या मुलाविषयी तटस्थ असू शकत नाहीत, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. प्रस्तुत लेखात या परंपरेचा ऐतिहासिक आढावा घेऊन असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ज्या जवळिकीमुळे पालकाची साक्ष अविश्वसनीय ठरविण्यात आली, तीच जवळीक बालभाषेच्या अभ्यासाचे अनिवार्य साधन आहे. आणि म्हणूनच नाकारली गेल्यानंतरही ही साक्ष निरनिराळ्या रूपांत पुन्हा शास्त्रात परतली.

आरंभ : टीडेमान ते प्रायर

जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिश टीडेमान याने १७८१ मध्ये जन्मलेल्या आपल्या फ्रीडरिश या मुलाच्या मानसिक विकासाची निरीक्षणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. बालकाच्या विकासाची कालक्रमानुसार ठेवलेली आरंभीची नोंद म्हणून तिचा उल्लेख केला जातो. बालकाचे ज्ञान अनुभवातून कसे घडते, हा त्या काळातील तत्त्वज्ञानाचा प्रश्न होता. टीडेमानने त्याचे उत्तर ग्रंथांत न शोधता घरातील पाळण्यापाशी शोधले, हे त्याचे वेगळेपण होय. हा फ्रीडरिश पुढे नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ झाला.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. फ्रेंच विचारवंत इपोलित तेन याने आपल्या मुलीच्या भाषेविषयीची निरीक्षणे १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिने वापरलेल्या 'तेम' या ध्वनीचा अर्थ 'दे', 'घे', 'बघ' असा प्रसंगानुसार बदलत असे, असे त्याने नोंदविले. या लेखाचे इंग्रजी भाषांतर १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात आले. ते वाचून चार्ल्स डार्विन याने आपल्या मोठ्या मुलाविषयी ३७ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली टिपणे बाहेर काढली आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला.

डार्विनचा मुलगा विल्यम याचा जन्म डिसेंबर १८३९ मधील. बरोबर एक वर्षाचा असताना त्याने अन्नासाठी 'मम' हा शब्द स्वतः तयार केला, असे डार्विन नोंदवितो. भूक लागली की मूल रडण्याऐवजी हा शब्द उच्चारू लागले. पुढे साखरेसाठी त्याने 'शु-मम' असा जोडशब्द केला. 'मम' मागताना शब्दाच्या शेवटी प्रश्नार्थक सूर येतो, ही डार्विनची नोंद विशेष महत्त्वाची आहे. कारण तीत केवळ शब्दांची यादी नसून शब्द कसा उच्चारला गेला याचेही भान आहे. डार्विनच्या या वहीत त्याची पत्नी एमा हिच्या हस्ताक्षरातील नोंदीही आढळतात. प्रसिद्ध झालेल्या लेखावर मात्र एकट्या डार्विनचे नाव आहे.

येना येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर याने १८८२ मध्ये 'बालकाचे मन' या अर्थाचे शीर्षक असलेला ग्रंथ प्रसिद्ध करून या पद्धतीला शिस्त दिली. आपल्या मुलाचे निरीक्षण त्याने जन्मापासून तीन वर्षे दररोज सकाळ, दुपार व संध्याकाळ असे नियमाने केले. प्रासंगिक टिपणापासून नियमबद्ध दैनंदिनीपर्यंतचा हा प्रवास होय.

स्टर्न दांपत्याची दैनंदिनी :

या परंपरेचा उत्कर्षबिंदू म्हणून क्लारा आणि विल्यम स्टर्न यांच्या कार्याचा निर्देश करावा लागतो. ब्रेसलाऊ (सध्याचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे १९०० मध्ये हिल्डे, १९०२ मध्ये ग्युंटर आणि १९०४ मध्ये एव्हा अशी तीन अपत्ये या दांपत्यास झाली. हिल्डेच्या जन्मापासून सुरू झालेली दैनंदिनी १९१८ पर्यंत चालली. तिची हस्तलिखित पृष्ठे सुमारे पाच हजार भरतात. विल्यम हा विद्यापीठात मानसशास्त्राचे अध्यापन करी. क्लाराकडे कोणतेही विद्यापीठीय पद नव्हते. तथापि दैनंदिनीचा बराच मोठा भाग तिच्याच हस्ताक्षरात आहे. दिवसभर मुलांच्या सहवासात असणारी व्यक्ती तीच होती.

या नोंदींच्या आधारे १९०७ मध्ये 'बालभाषा' हा ग्रंथ सिद्ध झाला. या ग्रंथावर क्लाराचे नाव पतीच्या नावाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या आधी आहे. एमा डार्विनच्या बाबतीत जे घडले नाही ते येथे घडले. शास्त्राच्या इतिहासात ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. कारण घरातील स्त्रीचे ऐकणे हे साहाय्य नसून संशोधन आहे, याची ही जाहीर मान्यता होती.

स्टर्न दांपत्याच्या पद्धतीची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) मुलांना आपले निरीक्षण होत आहे याची जाणीव होऊ न देणे.

२) मुलाचे बोलणे ज्या प्रसंगी झाले तो प्रसंगही शब्दांसोबत नोंदविणे.

३) एकाच घरातील तीन अपत्यांची तुलना करणे, जेणेकरून एका मुलाची लकब सर्वांचा नियम समजली जाऊ नये.

४) मुलाचे वय वर्षे आणि महिने यांत देणे. '१;६' म्हणजे एक वर्ष सहा महिने, ही त्यांच्या ग्रंथातील लेखनपद्धती बालभाषेच्या अभ्यासात आजही रूढ आहे.

या ग्रंथात बालभाषेच्या अवस्थांचे विवेचन आले. आरंभीचा एकेक शब्द हा वस्तूचे केवळ नाव नसून पूर्ण वाक्याचे काम करतो, या एकशब्दी वाक्याच्या कल्पनेला त्यांनी भक्कम आधार दिला. दीड वर्षाच्या सुमारास 'प्रत्येक वस्तूला नाव असते' असा शोध मुलाला लागतो, असेही त्यांनी मांडले. या मतावर रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की याने १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'विचार आणि भाषा' या ग्रंथात टीका केली. इतक्या लहान वयात चिन्ह आणि अर्थ यांच्या नात्याची एवढी बौद्धिक जाण मुलाच्या माथी मारणे योग्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. तरीही नोंदी मुळातून प्रसिद्ध असल्यामुळेच त्यांचा वेगळा अर्थ लावणे शक्य झाले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

या दैनंदिनीचे पुढील भवितव्य विसाव्या शतकातील युरोपच्या इतिहासाशी निगडित आहे. विल्यम स्टर्न हा हॅम्बर्ग विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक; परंतु ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्याला पदच्युत करण्यात आले. हे दांपत्य अमेरिकेत गेले. तेथे १९३८ मध्ये विल्यमचा आणि १९४५ मध्ये क्लाराचा मृत्यू झाला. ज्या मुलांचे पहिले शब्द त्या वह्यांत होते, त्यांपैकी ग्युंटर पुढे ग्युंटर आंडर्स या नावाने तत्त्वज्ञ म्हणून ओळखला गेला, तर एव्हाने ज्यू मुलांना जर्मनीबाहेर सुरक्षित नेण्याच्या कार्यात भाग घेतला. वह्या मात्र टिकल्या. त्या जेरुसलेम येथील राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे लिप्यंतर होऊन संशोधकांना उपलब्ध झाल्या.

आक्षेपांचे युग :

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून वर्तनवादाचा प्रभाव वाढला आणि दैनंदिनीची प्रतिष्ठा ओसरली. आक्षेप तीन होते. पहिला, पालकाला मुलाचे कौतुक असते. त्यामुळे अस्फुट ध्वनीतही त्याला शब्द ऐकू येतो. दुसरा, पालक असाधारण तेवढे टिपतो आणि नित्याचे सोडून देतो. तिसरा, एका मुलावरून सर्व मुलांविषयी नियम सांगता येत नाही.

या आक्षेपांत तथ्य होते. विशेषतः तिसरा आक्षेप सामाजिक दृष्ट्याही महत्त्वाचा आहे. टीडेमान, डार्विन, प्रायर, स्टर्न ही सर्व सुशिक्षित व सुस्थित घराणी होती. जेथे लिहिण्यास सवड आणि साधने होती, त्याच घरांतील मुलांचे बोल शास्त्रात पोहोचले. याला पर्याय म्हणून अनेक मुलांचे थोडे थोडे बोलणे नोंदविण्याची पद्धत पुढे आली. डोरोथिया मॅकार्थी हिने १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४० मुलांची प्रत्येकी ५० उच्चारिते तपासली. यातून सरासरी वाक्यलांबीसारखी मोजता येण्याजोगी माहिती मिळाली. मात्र एखादा शब्द मुलाच्या तोंडी पहिल्यांदा कधी आला आणि नंतर त्याचे काय झाले, हे अशा पाहणीतून कळणे शक्य नव्हते.

ही उणीव किती मोठी होती, हे व्हर्नर लिओपोल्ड याच्या कार्यावरून स्पष्ट होते. अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या या भाषातज्ज्ञाने आपल्या हिल्डेगार्ड या मुलीच्या द्वैभाषिक विकासाचा वृत्तान्त १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केला. वडील तिच्याशी जर्मन बोलत, तर आई इंग्रजी. दहाव्या महिन्यात ही मुलगी 'सुंदर' या अर्थाचा 'प्रिटी' हा इंग्रजी शब्द जवळजवळ शुद्ध उच्चारत असे. तोच शब्द बाविसाव्या महिन्यात तिच्या तोंडी 'बिडी' असा आला. एका भेटीत केवळ 'बिडी' ऐकणारा परीक्षक त्यास अशुद्ध उच्चार म्हणून नोंदवील. दोन्ही उच्चार ऐकलेल्या पित्याला मात्र वेगळेच दिसले. आधी मुलीने शब्द अनुकरणाने जसाच्या तसा उचलला होता; नंतर तिची स्वतःची ध्वनिव्यवस्था आकारास आली आणि तो शब्द तिच्या नियमांत बसविला गेला. वरवर पाहता जी पीछेहाट वाटते ती वस्तुतः प्रगती होती. सतत सोबत असणाऱ्या निरीक्षकावाचून हा निष्कर्ष निघालाच नसता.

रोमान याकोबसन याने १९४१ मध्ये बालभाषा व वाचाघात यांवरील प्रसिद्ध प्रबंधात ध्वनींच्या संपादनक्रमाचा जो सिद्धान्त मांडला, त्याचाही मुख्य आधार अशा दैनंदिनींतील नोंदीच होत्या. म्हणजे दैनंदिनीच्या अप्रतिष्ठेच्या काळातही सिद्धान्ताला सामग्री तिनेच पुरविली.

ध्वनिमुद्रण आणि पालकाचे पुनरागमन :

१९६२ मध्ये रॉजर ब्राऊन व त्याच्या सहकाऱ्यांनी हार्वर्ड येथे ॲडम, ईव्ह आणि सेरा या सांकेतिक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. ही मुले भिन्न सामाजिक स्तरांतील होती. निरीक्षक बाहेरचा होता, ध्वनिमुद्रक सोबत होता. परंतु स्थळ मात्र घरच होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ब्राऊनने दाखविले की, इंग्रजीतील १४ व्याकरणिक घटक तिन्ही मुलांनी जवळजवळ एकाच क्रमाने आत्मसात केले. १९८४ मध्ये ब्रायन मॅकविनी व कॅथरीन स्नो यांनी बालभाषेच्या सामग्रीचे सामाईक संगणकीय भांडार उभारले. त्यामुळे एका घरातील बोलणे जगभरच्या अभ्यासकांना तपासता येऊ लागले आणि पडताळणीचा जुना प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

१९९० च्या दशकात पालकांची साक्ष थेटपणे परत आली. अमेरिकेत तयार झालेल्या शब्दसूचींत पालकांनी आपले मूल कोणते शब्द जाणते व बोलते यांवर खुणा करावयाच्या होत्या. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात १,८०० हून अधिक बालकांची अशी माहिती होती. पालकाला आठवून लिहावयास न सांगता समोरचे शब्द ओळखावयास सांगितले, तर त्याची माहिती पुरेशी विश्वसनीय ठरते, असे यातून दिसून आले. २००५ मध्ये डेब रॉय या संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या घरात ११ कॅमेरे व १४ ध्वनिग्राहक बसवून आपल्या मुलाच्या पहिल्या तीन वर्षांचे मुद्रण केले. साधने बदलली, पण निरीक्षक पुन्हा पिताच होता.

मराठीच्या संदर्भात :

या इतिहासात मराठीला एक निश्चित स्थान आहे. अशोक केळकर यांचा मराठीतील बाळबोलीविषयीचा इंग्रजी लेख १९६४ मध्ये 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन याने सहा भाषांतील बाळबोलीची तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. मात्र येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. 'मंमं', 'भूभू', 'काऊ', 'चिऊ' हे शब्द प्रामुख्याने मोठ्या माणसांनी लहानांसाठी राखलेले, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. त्यांचा अभ्यास हा मुलाला काय ऐकविले जाते याचा अभ्यास होय. मूल स्वतः काय घडविते, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

मराठी मूल 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणते, तेव्हा ते कोणाचेही अनुकरण करीत नसते; कारण घरात तसे कोणी बोलत नाही. 'बसलं', 'धरलं' यांवरून त्याने नियम शोधला आणि तो 'कर' या धातूला लावला. हे रूप प्रथम कधी आले, त्याआधी 'केलं' बिनचूक येत होते काय आणि दोन्ही रूपे किती काळ शेजारी नांदली, ही माहिती घरातील नोंदवहीच देऊ शकते. घरातील माणसे हसून 'केलं म्हण' असे सांगतात आणि तो प्रसंग विरून जातो. जिल्ह्याजिल्ह्यांतील बोली तसेच घरात एक व शाळेत दुसरी भाषा असणारी मुले यांचा विचार करता, अशा नोंदींचे मोल अधिकच वाढते.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, बालभाषेच्या शास्त्राची मूळ सामग्री पालकांच्या दैनंदिनीतून आली आणि तीत स्त्रियांचा वाटा होता. तो क्लारा स्टर्नच्या बाबतीत मान्य झाला, तर इतरत्र बहुधा झाकला गेला. दुसरा, दैनंदिनीवरील आक्षेप योग्य असले तरी त्यांनी तिचा अंत केला नाही. त्यांनी तिला तुलना, प्रसंगनोंद व पडताळणी यांची शिस्त लावली. तिसरा, पालकाच्या साक्षीत ममत्वाचा दोष असतो हे खरे. परंतु अस्फुट बोलाचा अर्थ ज्या प्रसंगातून कळतो, त्या प्रसंगाचा साक्षीदारही बहुधा पालकच असतो.

मुलाच्या भाषेतील या अवस्था अल्पजीवी असतात. 'करलं' म्हणणारे मूल काही काळाने 'केलं' म्हणू लागते आणि आपण कधी वेगळे बोलत होतो, हे त्यालाही आठवत नाही. नोंद झाली नाही तर ती अवस्था कायमची लुप्त होते. पाच हजार पृष्ठांची एक दैनंदिनी राजवटी आणि देशांतरे ओलांडून शंभर वर्षांनंतरही अभ्यासली जाते, यावरून या साध्या घरगुती नोंदीचे शास्त्रीय मूल्य स्पष्ट होते.