वॉकीटॉकी (द्विमार्गी हातसंच)

हातात धरता येईल एवढ्या पेटीत प्रक्षेपक, ग्राही, बॅटरी आणि अँटेना एकत्र बसवून, बाजूचे बटण दाबले असता बोलता यावे व सोडले असता ऐकता यावे अशी रचना ज्यात केलेली असते, त्या बिनतारी संचास वॉकीटॉकी किंवा हातसंच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने, जी पुढे मोटोरोला या नावाने ख्यातनाम झाली, दोन संच सिद्ध केले. त्यांपैकी ‘एससीआर-३००’ हा पाठीवर वाहून न्यावा लागे, तर ‘एससीआर-५३६’ हा सव्वादोन किलोग्रॅम वजनाचा संच सैनिक एका हाताने कानाशी धरीत असे. या दुसऱ्या संचाची कंप्रता आतील स्फटिकाने कायमची ठरलेली असे आणि अँटेना ओढून बाहेर काढताच तो आपोआप चालू होई, म्हणून कोणत्या कंप्रतेवर बोलावे हा विचार रणांगणावरील शिपायाला करावा लागत नसे. तो विचार त्याच्या वतीने कारखान्यात आणि छावणीत अगोदरच झालेला असे.

पोलीस, अग्निशमन दल, रेल्वे इत्यादी खात्यांच्या संचांत ही पद्धत आजही टिकून आहे. खात्याचा तंत्रज्ञ चॅनेल भरून देतो आणि वापरणाऱ्याने वरची खुंटी फिरवून नेमून दिलेला चॅनेल लावावयाचा, एवढेच त्याचे काम उरते. परंतु २०१२ च्या सुमारास चीनमधील बाओफेंग कंपनीचा ‘यूव्ही-५आर’ हा अत्यंत स्वस्त संच बाजारात आला, आणि जो निर्णय तोवर तंत्रज्ञाच्या हाती होता तो कळफलकाच्या रूपाने थेट गिऱ्हाइकाच्या हाती पडला. हा संच साधारणपणे १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत चालतो, म्हणजे एकूण ११८ मेगाहर्ट्‌झचा प्रदेश त्याला मोकळा असतो. भारतातील परवानाधारक हौशी बिनतारी-चालकाला मात्र यांपैकी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढाच, म्हणजे सहा मेगाहर्ट्‌झचा, मुलूख मिळालेला आहे. उरलेल्या प्रदेशात पोलिसांचे व अन्य सरकारी खात्यांचे संदेश असतात, जहाजांची १५६.८ मेगाहर्ट्‌झवरील संकटकालीन हाकही असते, आणि संचाला या सरहद्दी ठाऊक नसल्यामुळे ती जाण चालकानेच बाळगावी लागते. चॅनेल भरण्याच्या कामाचे खरे महत्त्व, आमच्या मते, येथेच आहे: आपण कोठे बोलणार आणि कोठे बोलणार नाही, हे त्या वेळी लेखी ठरते.

कायद्याची बाजूही येथेच पाहिली पाहिजे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने असा संच नुसता जवळ बाळगण्यासही परवाना आवश्यक ठरविला, आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही सरकारी अनुज्ञेचे ते तत्त्व कायम राहिले आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ ही चिंचोळी पट्टी विनापरवाना खुली आहे खरी, पण ती सवलत मर्यादित शक्तीच्या संमत संचांपुरतीच. हौशी परवान्यासाठी बिनतारीचे शास्त्र आणि नियमावली यांची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. उत्तीर्ण झालेल्यास ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाम बहाल होते, आणि त्यापूर्वी परवानाधारकाच्या संचावर ऐकून शिकावे, बटण दाबू नये, हाच शिरस्ता श्रेयस्कर होय.

एक चॅनेल भरणे म्हणजे चार गोष्टी एकत्र बांधणे. पहिली ऐकण्याची कंप्रता आणि दुसरी बोलण्याची. समोरासमोरच्या संभाषणात या दोन्ही एकच असतात, पण रिपीटर वापरावयाचा असेल तर त्या वेगळ्या होतात. कारण रिपीटर हा उंच जागी बसविलेला असा संच आहे, जो एका कंप्रतेवर ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने बोलून दाखवितो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे ‘दोन मीटरच्या’, पट्टीत या दोहोंमधील प्रचलित अंतर ६०० किलोहर्ट्‌झ आहे, म्हणून रिपीटर १४५.६५० वर बोलत असेल आणि अंतर उणे असेल, तर आपण १४५.०५० वर बोलले पाहिजे. तिसरी गोष्ट म्हणजे ‘टोन’. ६७.० ते २५४.१ हर्ट्‌झ यांमधील हा मंद सूर आपल्या आवाजाखाली अखंड वाहतो. तो ओळखल्याशिवाय रिपीटरचे दार उघडत नाही, आणि नवशिक्याला रिपीटर स्वच्छ ऐकू येतो पण त्याची हाक कोणालाच पोहोचत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा याच सुरात असते. टोन लावला म्हणजे बोलणे खासगी झाले, असा समज मात्र निखालस चुकीचा आहे, कारण ज्याने आपल्या संचात टोन लावलेलाच नाही त्याला सर्व काही ऐकू येते. चौथी गोष्ट रुंदी: एकाचा संच २५ किलोहर्ट्‌झच्या व दुसऱ्याचा १२.५ किलोहर्ट्‌झच्या योजनेत असेल, तर एकाचा आवाज दबलेला आणि दुसऱ्याचा फाटका ऐकू येतो.

‘यूव्ही-५आर’मध्ये ही भरणी कळफलकावरूनही होते. कंप्रतेच्या अवस्थेत संच ठेवून सहा आकडे टिपावयाचे, मेनूच्या १३ व्या कलमात टोन लावावयाचा, २७ व्या कलमात रिकामा चॅनेल निवडून ऐकण्याची कंप्रता साठवावयाची, आणि मग बोलण्याची कंप्रता टिपून तीच कृती त्याच चॅनेलवर पुन्हा करावयाची. जागा आधीच व्यापलेली असेल तर २८ व्या कलमाने ती अगोदर पुसावी लागते. १२८ जागांसाठी ही कसरत करणे कष्टाचे असल्यामुळे बहुतेक जण संगणक, दोन खुंट्यांची केबल आणि ‘चर्प’ हा विनामूल्य संगणक-कार्यक्रम वापरतात. या पद्धतीत संचातील मूळ मजकूर प्रथम वाचून घेऊन तो वेगळा जपून ठेवावा आणि नंतरच बदल करून परत भरावा, हा नियम मोडू नये. संच व संगणक यांची ओळख पटत नसेल तर केबलच्या खुंट्या पूर्ण आत बसल्या आहेत की नाहीत हे प्रथम तपासावे; पुष्कळदा पेटीची कडा आड येऊन त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या बाहेर राहिलेल्या असतात.

पल्ला संचाच्या शक्तीवर ठरतो, असा मोठा गैरसमज प्रचलित आहे. या कंप्रतांच्या लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात, आणि अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले असता बिनतारीचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा संच दीड मीटरवर धरला तर हे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर भरते. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावरून समुद्रसपाटीच्या दिशेने मात्र तेच सुमारे १६७ किलोमीटर होते. म्हणून सह्याद्रीत दरीच्या तळाशी अडकलेल्याने बॅटरी संपेपर्यंत हाका मारीत बसण्यापेक्षा, शक्य असल्यास कड्याच्या खांद्यावर चढून एकदाच बोलावे. एक वॅटचे पाच वॅट केल्याने पल्ल्यात फारसा फरक पडत नाही. चांगल्या अँटेनाने पडतो. १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरीचा चतुर्थांश सुमारे ५२ सेंटिमीटर असताना संचासोबत मिळणारी रबरी अँटेना त्याच्या एक-तृतीयांश लांबीची असते, यावरून तिची मर्यादा ध्यानी यावी. अँटेना काढलेल्या स्थितीत बटण कधीही दाबू नये, त्याने प्रक्षेपकाचे अंतिम अंग जळण्याचा धोका असतो.

बोलण्याचा रिवाज साधा आहे, पण तो अंगवळणी पडावा लागतो. प्रथम ऐकावे, चॅनेल मोकळा आहे अशी खात्री झाल्यावर संच उभा धरून, तोंडापासून चार बोटे दूर ठेवून, बटण दाबून क्षणभर थांबावे आणि मग समोरच्याचे संकेतनाम व त्यामागून आपले उच्चारावे. तो क्षण टाळला तर पहिला शब्द हमखास कापला जातो, कारण टोन ओळखून रिपीटर जागा होण्यास किंचित अवधी लागतो. दोन संभाषणांमध्ये थोडी फट ठेवणे हे सौजन्याचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे: ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्याला शिरकाव त्या फटीतूनच मिळतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज येथील भूकंपानंतर दूरध्वनी मुके झाले असता हौशी बिनतारी-चालकांनी जे संदेशवहन चालविले, त्याच्या मुळाशी हीच शिस्त होती.

हातसंचाच्या भरणीची खरी कसोटी पाहावयाची असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हौशी रिपीटर घ्यावा. तो १४५.९९० मेगाहर्ट्‌झवर ६७ हर्ट्‌झच्या टोनसह ऐकतो व ४३७.८०० वर बोलतो. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, त्याच कारणाने स्थानक येताना त्याची कंप्रता सुमारे दहा किलोहर्ट्‌झ वर आणि जाताना तितकीच खाली सरकते, सबब ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्‌झच्या टप्प्यांनी पाच चॅनेल ओळीने भरून ठेवावे लागतात, आणि स्थानक क्षितिजावर येऊन मावळेपर्यंतच्या दहाएक मिनिटांत खुंटी एकेक घर पुढे सरकवीत जावे लागते. बोलण्याची कंप्रता पाचही चॅनेलांत तीच ठेवली तरी चालते, कारण दोन मीटरच्या पट्टीतील सरक तुलनेने अल्प असते.