पंधरा सीसी, पण कशाचे?

नाइट ड्यूटी. हातात इन्सुलिनची व्हायल, समोर केसपेपर, आणि तुझं मनातल्या मनात गणित चाललंय. ऑर्डर 20 युनिटची, व्हायल 40 युनिट प्रति मिलीची. 20 भागिले 40, म्हणजे अर्धा मिली. हवं ते वर, हातात आहे ते खाली. हे सूत्र मीच तुमच्या बॅचकडून घोकून घेतलं होतं. आज त्यातला खालचा आकडा मी काढून घेते. व्हायल ट्रेमध्ये ठेव आणि चल माझ्याबरोबर.

11 जानेवारी 1922. टोरांटो जनरल हॉस्पिटल. खिडकीबाहेर बर्फ आहे आणि तुझ्या अंगावरच्या एप्रनला इतका स्टार्च, की वाकलीस तरी आवाज होतो. ग्लुकोमीटर शोधू नकोस. टेबलावर स्पिरिटचा दिवा आहे, परीक्षानळी आहे, निळं बेनेडिक्टचं द्रावण आहे. 5 मिली द्रावणात लघवीचे 8 थेंब टाक आणि उकळ. निळ्याचं हिरवं होतं, मग पिवळं, मग थेट विटकरी. (शिकाऊ असताना मीही हे केलंय. तो वास अजून नाकात आहे.)

ही नळी ज्याची, तो समोरच्या खाटेवर आहे. लेनर्ड थॉम्प्सन, वय 14, वजन 65 पौंड. भागिले 2.2 कर: साडेएकोणतीस किलो. केस गळालेत, पोट फुगलंय, श्वासाला नासलेल्या फळांसारखा वास येतोय. हा वास तुला ओळखता येतो: कीटोन. औषध म्हणून त्याला मिळते ती उपासमार, दिवसाला 450 कॅलरी. त्यानं पोर मरत नाही असं नाही, जरा उशिरा मरतं एवढंच. वडिलांनी नव्या अर्काला होकार दिलाय.

हाउसमन सिरिंज भरतो. काचेची, उकळलेली. आत गढूळ तपकिरी पाणी: बँटिंग आणि बेस्ट यांनी बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क. पंधरा सीसी, निम्मा एका कुल्ल्यात, निम्मा दुसऱ्या.

"किती युनिट?" सवयीनं तुझ्या तोंडून निघतं.

सगळे तुझ्याकडे बघतात. हा शब्दच इथे अजून कुणाला ठाऊक नाही. पंधरा सीसी खरे, पण कशाचे? त्या पाण्यात औषध किती आणि मळ किती, हे बँटिंगनाही सांगता येणार नाही. रक्तातली साखर 440 वरून 320 वर येते, कीटोन तसेच राहतात, सुई टोचलेल्या जागी गळू होतं. इंजेक्शनं थांबवतात. हा दिवस चमत्काराचा म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. हा फसलेला डोस होता, आणि वर्गात तो तसाच शिकवायला हवा.

बारा दिवस पुढे चल. 23 जानेवारी. या मधल्या काळात कॉलिप नावाच्या रसायनतज्ज्ञानं अल्कोहोलशी झटापट केली आहे. अल्कोहोलचं प्रमाण वाढवत नेलं की आधी नको ती प्रथिनं खाली बसतात, आणि नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की हवा तो पदार्थ बसतो. त्याचा अर्क टोचल्यावर 520 ची साखर एका दिवसात 120 वर येते. तुझ्या परीक्षानळीतला विटकरी रंग ओसरतो. पोरगं उठून बसतं.

आता प्रयोगशाळेत ये. तिथे ससे आहेत. अर्क जास्त झाला की ससा थरथरतो, त्याला आकडी येते. ग्लुकोज टोचलं की तो सावरतो. मेंदूला साखर कमी पडली की काय होतं, ते इथे दिसतं. तुझ्या वॉर्डात घाम फुटून बरळणारे आजोबा आणि हा ससा एकाच वाटेवर असतात. आजोबांना 25 ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि हाताशी 25 टक्के डेक्स्ट्रोज असतं, म्हणजे 100 मिली.

तुझा हरवलेला खालचा आकडा इथे सापडतो. दोन किलोच्या उपाशी सशाची साखर आकडीच्या पातळीला, म्हणजे 45 मिलीग्रॅमवर, उतरवायला जेवढं लागतं, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे एक युनिट, असं टोरांटोत पुढे ठरलं. म्हणजे रोज रात्री तू त्या सशांनीच भागतेस.

मला माहीत आहे, तुला लेनर्डच्या खाटेशी परत जायचंय. मनात हिशेब तयार आहे: किलोमागे तासाला 0.1 युनिट, साडेएकोणतीस किलो, म्हणजे जवळजवळ 3 युनिट. 50 मिली सलाइनमध्ये 50 युनिट, पंप तासाला 3 मिलीवर. अगदी बरोबर. पण पोटॅशियम बघितल्याशिवाय ड्रिप लावायची नाही, आणि ते इथे कोण मोजून देणार? पंप तरी कुठाय? चल परत.

लेनर्ड आणखी तेरा वर्षं जगला. 1935 साली न्यूमोनियानं गेला.

तुझी व्हायल ट्रेमध्येच आहे. पण ट्रेमध्ये सिरिंजा दोन आहेत, एक लाल टोपीची, एक नारिंगी. नारिंगी 100 ची. तिच्यात या 40 च्या व्हायलमधून 20 च्या खुणेपर्यंत ओढलंस तर 0.2 मिली येईल, म्हणजे फक्त 8 युनिट. उलट चूक याहून वाईट: 100 ची व्हायल आणि लाल सिरिंज, खूण तीच 20 ची, आणि पेशंटच्या अंगात 50 युनिट. अडीच पट. पहाटे त्याला आकडी आली की सगळे मेंदूचा सीटी काढायला धावतील.

व्हायलवरचा आकडा मोठ्यानं वाच. शेजारच्या सिस्टरला ऐकू दे.