खेळण्याच्या सांगाड्यापासून पेशीच्या दारापर्यंत : नॅनोजेलचा इतिहास

१/ १९६१ सालचा नाताळ. प्रागमधील एका घरात टेबलावर एक यंत्र फिरत होते. त्याचा सांगाडा मुलांच्या 'मर्कुर' या जोडणीच्या खेळण्याचा होता आणि त्याला गती मिळत होती सायकलच्या डायनामोमुळे. त्या दुपारी यंत्रातून चार मऊ, पारदर्शक भिंगे निघाली. पेशीत औषध पोहोचवणाऱ्या नॅनोजेलची वंशावळ शोधू लागल्यास ती या टेबलापाशी येते. त्याविषयी हा धागा.

२/ यंत्राचे निर्माते ओटो विख्टर्ले हे नामवंत चेक रसायनशास्त्रज्ञ. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना कैदेत टाकले होते. १९५८ मध्ये साम्यवादी राजवटीने त्यांना अध्यापनातून दूर केले. १९५२ सालच्या एका रेल्वेप्रवासात डोळ्यात बसवायच्या धातूच्या कृत्रिम भागाचा विषय निघाला. विख्टर्ले यांना धातू पटेना. सजीव ऊतीच्या सान्निध्यात ऊतीसारखाच, पाणी धरून ठेवणारा पदार्थ हवा, असे त्यांचे मत पडले.

३/ द्राहोस्लाव लीम यांच्यासह त्यांनी तो पदार्थ सिद्ध केला. पॉलिमरच्या लांब साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना बांधल्या की एक जाळे तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, पाणी शोषून फुगते. हेच हायड्रोजेल. १९६० मध्ये 'नेचर'मध्ये या दोघांचा लेख प्रसिद्ध झाला. मात्र भिंगांच्या प्रकल्पाला सरकारी पाठबळ उरले नाही, म्हणून पुढचा प्रयोग घरी करावा लागला.

४/ १९६५ मध्ये त्यांच्या अकादमीने या शोधाचे हक्क एका अमेरिकी कंपनीला विकले. १९६८ च्या 'प्राग वसंता'त विख्टर्ले 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्याच्या पाठीशी उभे राहिले. सोव्हिएत रणगाडे आले आणि काही काळाने त्यांचे संचालकपदही गेले. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ भिंगांना मान्यता मिळाली, तेव्हा त्यांचा जनक मायदेशात बाजूला सारला गेला होता.

५/ पुढचा टप्पा अमेरिकेतील एमआयटीमधला. १९७८ मध्ये तोयोइची तानाका यांनी दाखवून दिले की तापमान किंवा द्रावक किंचित बदलला, तरी जेल एकाएकी आकुंचन पावू शकते. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक नियम मांडला : जेलला फुगण्यास लागणारा वेळ त्याच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आकार हजारपट लहान केला, तर प्रतिसाद दहा लाख पट जलद. जेल सूक्ष्म का करावे, याचे एक कारण येथे मिळाले.

६/ दुसरे कारण वैद्यकाने पुरवले. प्रथिने आणि जनुकीय औषधे रक्तातील विकरांपुढे टिकत नाहीत. टिकलीच, तरी पेशीचे आवरण त्यांना सहसा आत घेत नाही. सूक्ष्म कण मात्र पेशी आवरणाच्या पुरचुंडीत गुंडाळून आत ओढते. त्या पुरचुंडीत आम्लता वाढत जाते. वाहकाने वेळीच औषध बाहेर सोडले नाही, तर ते तेथेच नष्ट होते.

७/ १९९३ मध्ये काझुनारी आकियोशी, जुन्झो सुनामोतो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी एक सुंदर उपाय मांडला. पुलुलान या पाण्यात विरघळणाऱ्या शर्करेच्या साखळीवर त्यांनी मोजकेच कोलेस्टेरॉलचे रेणू जोडले. पाण्यात जाताच पाण्याला विन्मुख असलेले कोलेस्टेरॉल एकत्र आले आणि साखळ्यांची जाळीदार गोळी आपोआप वळली गेली. व्यास सुमारे २० ते ३० नॅनोमीटर. या जाळ्यात प्रथिने सांभाळून ठेवता येत. पुढे याच धर्तीच्या कर्करोगविरोधी लसीच्या मानवी चाचण्याही जपानमध्ये झाल्या.

८/ 'नॅनोजेल' हे नाव रूढ केले ते अमेरिकेतील नेब्रास्का येथे काम करणाऱ्या सर्गेई विनोग्रादोव्ह आणि अलेक्झांडर काबानोव्ह यांच्या गटाने, १९९९ च्या सुमारास. त्यांच्या जाळ्यात दोन पॉलिमर होते : धनभारित पॉलिएथिलिनइमाइन आणि पाण्याशी सख्य राखणारे पॉलिएथिलिन ग्लायकॉल. ऋणभारित जनुकीय तुकडे पहिल्याला बिलगत आणि त्यामुळे जाळे आक्रसे. दुसरे कणांना एकमेकांना चिकटू देत नसे.

९/ मग प्रश्न सुटला का? २०१६ मध्ये आधीच्या १० वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक भरला अवघा ०.७ टक्के. उरलेल्यांपैकी बराच वाटा यकृत आणि प्लीहा गाळून घेतात. प्रयोगशाळेच्या काचपात्रातील पेशीत शिरणे आणि जिवंत शरीरातील नेमक्या पेशीपर्यंत जाणे, यांतील अंतर अजून मिटलेले नाही. रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न तेथेच आहे.

१०/ १९८९ मध्ये राजवट कोसळली. १९९० मध्ये विख्टर्ले चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. शरीराला परके न वाटणारा, पाण्याने भरलेला पदार्थ हवा, हा त्यांचा आग्रह आजच्या प्रत्येक नॅनोजेलच्या मुळाशी आहे. नाताळच्या त्या दुपारी डोळ्यावर ठेवण्यासाठी घडवलेले जाळे आता पेशीच्या आत जाऊ पाहते आहे, आणि त्याची वाट अजून संपलेली नाही.