जतचा सरडा आणि लिंगनिश्चितीचा वाद

जत तालुक्याच्या कोरड्या माळावर, बाभळीच्या आडोशाने वावरणाऱ्या सामान्य सरड्याची मादी पावसाळ्यात मातीत खळगी खोदून अंडी घालते व ती बुजवून निघून जाते. त्या अंड्यांतून नर निपजणार की मादी, हे मातापित्यांकडून आलेल्या रंगसूत्रांवर ठरते की मातीच्या उष्णतेवर? प्रश्न वरकरणी क्षुल्लक. परंतु या एकाच जातीविषयी भारतीय संशोधकांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढलेले आहेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रंगसूत्रांचा सिद्धान्त इतका दृढमूल झाला होता की उष्णतेची शक्यता फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९६६ साली सेनेगलमधील डाकार येथे मादलेन शार्निए यांनी आपल्या सरड्याच्याच कुळातील आगामाची अंडी निरनिराळ्या तापमानांत उबविली. कमी उष्णतेत जवळजवळ सर्व माद्या, अधिक उष्णतेत जवळजवळ सर्व नर निपजले. पश्चिम आफ्रिकेतील एका लहानशा नियतकालिकात आलेल्या या लेखाकडे त्या वेळी थोड्यांचेच लक्ष गेले.

त्याच सुमारास बनारस हिंदू विद्यापीठात रायचौधुरी, लालजी सिंह व त्यांचे सहकारी सापांची रंगसूत्रे तपासीत होते. मण्यारीविषयीचा त्यांचा लेख १९७० सालचा. अनेक सापांत मादीची लिंगसूत्रे विषम असतात. तेथे उष्णतेला वाव नाही. सांगली जिल्ह्यातच, कृष्णेच्या पात्रात आढळणारी मगर मात्र नेमकी उलट. तिला लिंगसूत्रेच नाहीत. लँग, अँड्र्यूज व व्हिटेकर यांच्या १९८९ मधील प्रयोगांत २८ ते ३१ अंश सेल्सिअसला केवळ माद्या, ३२.५ अंशांना केवळ नर आणि ३३ अंशांना पुन्हा दोन्ही निपजले.

सरड्यातही वेगळी ओळखू येतील अशी लिंगसूत्रे नाहीत. तेव्हा तो मगरीच्या पंक्तीला बसेल, हा तर्क स्वाभाविक होता. १९९५ साली गणेश व रमण यांनी तो खोडून काढला: टेस्टोस्टेरोनने लिंग पालटते, तापमानाने नव्हे. २०१२ साली इनामदार-दोड्डमनी, वाणी व शेषगिरी यांनी याच सरड्यात तापमान चढत जाता मादी, नर, मादी, नर असा क्रम आढळल्याचे मांडले.

सूक्ष्मदर्शकाखाली लिंगसूत्र न दिसणे म्हणजे आनुवंशिक कारण नसणे नव्हे, हे या वादात विसरता कामा नये. शिवाय दोन्ही कारणे एकाच जातीत नांदू शकतात. याच कुळातील ऑस्ट्रेलियाच्या दाढीवाल्या सरड्यात रंगसूत्रांनी नर असलेले जीव अति उष्णतेने मादी होतात. २०१५ मध्ये अशा माद्या रानातही सापडल्याचे प्रसिद्ध झाले. नरांशी त्यांचा संयोग घडविला असता झालेल्या पिल्लांचे लिंग केवळ उबवणीच्या तापमानावर ठरले. रंगसूत्रांची सत्ता एका पिढीत संपली होती.