टारफुल्याच्या सापळ्याची कुळकथा

टारफुला या पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं बी ज्या रसायनामुळे उगवतं ते पहिल्यांदा सापडलं कपाशीच्या मुळांत, आणि टारफुला तर कपाशीला लागतच नाही! 1966 साली अमेरिकेत कुक आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं आणि त्याचं नाव पडलं स्ट्रिगॉल. टारफुल्याची शिकार ज्वारी, मका, बाजरी. मग कपाशी त्याच्यासाठी आमिष का तयार करते? मला तरी सापळा पिकाचं सगळं कुळ या एका प्रश्नात दिसतं.

टारफुल्याचं बी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. एक झाड हजारोंनी बी टाकतं आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. जवळच्या मुळातून ठरावीक रसायन पाझरलं तरच ते उगवतं, आणि उगवल्यावर काही दिवसांत यजमानाचं मूळ मिळालं नाही तर मरतं. सापळा पीक नेमकं इथेच फसवतं. चवळी, सोयाबीन, भुईमूग, तूर यांची मुळं त्याला उगवायला लावतात, पण चिकटू देत नाहीत. 1956 मध्ये कॅरोलायना राज्यांत टारफुला सापडल्यावर अमेरिकेने हीच युक्ती पिकाशिवाय केली. फळं पिकवणारा इथिलीन वायू जमिनीत सोडून बी अवेळी उगवायला लावलं.

कपाशीच्या कोड्याचं उत्तर 2005 साली जपानमधून आलं. आकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्ट्रिगॉलच्याच कुळातली रसायनं मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला फुटवे आणतात. ही बुरशी स्फुरद मिळवून देते, आणि झाडांशी तिची सोयरीक सुमारे 40 कोटी वर्षांची. म्हणजे आवतण होतं बुरशीला. टारफुला हा न बोलावता पंगतीला बसलेला पाहुणा. 2008 मध्ये तर कळलं की हीच रसायनं झाडाच्या फांद्यांवरही लगाम ठेवतात. झाडाला ती इतक्या कामांसाठी लागतात की टारफुल्यामुळे ती सोडून देणं त्याला परवडत नाही.

यावर आक्षेप ठरलेला : टारफुला रोखण्यातला कडधान्याचा गुण नत्रात आणि सावलीत आहे, रसायनाचं कौतुक कशाला? नत्र वाढलं की टारफुला कमी होतो हे खरंच. पण केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिटा इथे झेयाउर खान आणि सहकाऱ्यांनी हा वाद थेट तपासला. खोडकिडा हटवायला मक्यात डेस्मोडियम हे चाऱ्याचं कडधान्य लावलं, तर टारफुलाही हटला. नत्र आणि सावली यांचा परिणाम वेगळा मोजला, तो अपुरा पडला. मग डेस्मोडियमच्या कुंडीतून निथळलेलं पाणी मक्याच्या कुंड्यांना घातलं. शेजार नाही, सावली नाही, तरी टारफुला रोडावला. त्या मुळांत एक रसायन बी उगवायला लावतं आणि दुसरं कोंबाला मुळाशी चिकटू देत नाही. माझ्या मते वाद इथेच मिटतो : नत्र मदतनीस, रसायन कर्ता.

आपल्याकडे ज्वारीत तुरीचे तास पूर्वापार आहेत. ते टारफुल्यासाठी घातले असं मी म्हणणार नाही. डाळ हवी होती, आणि पाऊस दगावला तर एक तरी पीक हाती यावं हा हिशोब होता. टारफुल्याला त्याचा फटका बसला असेल तर तो फुकटचा लाभ.

सापळा मात्र बिनचूक नाही. पश्चिम आफ्रिकेत चवळीलाच टारफुल्याची एक सख्खी जात लागते. सगळे वाणही सारखे नसतात. एका वाणाचं मूळ जास्त बी फसवतं, दुसऱ्याचं कमी. शिवाय सापळा पीक बी संपवतं ते हप्त्याहप्त्याने. एका हंगामात वावर कधीच कोरं होत नाही.

म्हणून ज्याच्या वावरात टारफुला आहे त्याने दोन्ही करावं : ज्वारीला कडधान्याची सोबत किंवा फेरपालट वर्षानुवर्षं द्यावी, आणि उगवलेला टारफुला बोंडं धरायच्या आत उपटावा. नाही तर सापळ्याने वर्षभर जेवढं बी संपवलं, तेवढं एकाच हंगामात परत जमिनीत पडतं.