सामूहिक वनहक्क: जंगल राखण्याची जबाबदारी ग्रामसभेची

वनहक्क कायदा, २००६ म्हटले की कसत असलेल्या जमिनीचा पट्टा आठवतो. पण याच कायद्यात संपूर्ण गावासाठीही हक्क आहे. तुमचे गाव ज्या जंगलाचा परंपरेने वापर आणि राखण करत आले, त्याचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हा हक्क आहे. त्यासाठी दावा नमुना ‘सी’मध्ये करावा लागतो. गुरे चारण्याच्या जागा, पाणवठे, देवराई, जुन्या नोंदी, गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब असे किमान दोन पुरावे जोडावेत.

हक्कपत्र हाती आले की काम संपले, असा समज अनेक गावांत आढळतो. कलम ५ नुसार वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणलोट क्षेत्र जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. जंगलाची हानी करणारी कामे थांबवण्याचा निर्णयही ग्रामसभा घेऊ शकते.

मात्र त्यासाठी नियम ४(१)(ई) प्रमाणे समिती नेमणे आवश्यक आहे. इथे गल्लत होते. दावे तपासणारी वनहक्क समिती वेगळी आणि वन विभागाची संयुक्त वन व्यवस्थापन समितीही वेगळी. नियम ४(१)(ई) ची समिती ग्रामसभा आपल्या सदस्यांतून निवडते आणि तिच्यावर नियंत्रणही ग्रामसभेचेच असते. जंगलाचा व्यवस्थापन आराखडा ही समिती तयार करते. कोणत्या भागात चराई बंद ठेवायची, बांबू कधी आणि किती तोडायचा, वणव्याच्या दिवसांत गस्त कोणी घालायची, हे त्यात स्पष्ट लिहा. तोंडी ठरलेले पुढच्या हंगामात कोणाला आठवत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ४(१)(ई) ची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देऊ शकते. परवाना आणि विक्रीच्या उत्पन्नाचा वापर याबाबतचे समितीचे निर्णय ग्रामसभेने मंजूर करावे लागतात, म्हणून हिशेब सभेत वाचून घ्या.

सभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर सदस्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात. सरपण, मोहफुले, तेंदूपाने गोळा करायला बहुतेक त्याच जंगलात जातात. कुठे झाडे विरळ झाली, हे त्यांना आधी कळते.

दाव्यावर उपविभागीय समितीने दिलेला निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो.